टेप ड्राइव्ह टेप ओळखत नाही? ठाणे-नवी मुंबईतल्या ऑफिसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात अजूनही बऱ्याच ऑफिसांचा आणि कारखान्यांचा रात्रीचा बॅकअप एलटीओ टेपवर (डेटा साठवायच्या चुंबकीय फितीच्या कॅसेटवर) जातो. सकाळी येऊन पाहावं तर बॅकअप पडलेला आणि मेलमध्ये एकच ओळ: मीडिया (म्हणजे टेप) सापडला नाही. पुढचे प्रश्न त्याच ओळीभोवतीचे आहेत. उत्तरं सुट्या, एका टेपच्या ड्राइव्हला धरून दिली आहेत. ऑटोलोडर किंवा लायब्ररीत (अनेक टेप ठेवून त्या आपोआप ड्राइव्हमध्ये घालणाऱ्या यंत्रांत) काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

"मीडिया नाही" म्हणजे नक्की बिघडलंय काय?

या एका वाक्याखाली तीन वेगवेगळ्या तक्रारी येतात, आणि कोणती आपली हे न बघता पहिल्याच दिवशी नवा ड्राइव्ह मागवला जातो.

पहिली: सर्व्हरला ड्राइव्हच दिसत नाही. ही केबल, कार्ड किंवा ड्रायव्हरची गोष्ट आहे, टेपचा संबंध नाही. दुसरी: ड्राइव्ह दिसतो, पण आत घातलेली टेप त्याला पटत नाही. इथे टेप, तिची पिढी (एलटीओ-६, ७, ८ अशी), धूळ, दमटपणा किंवा ड्राइव्हचं यंत्र तपासायचं. तिसरी: ड्राइव्हने टेप व्यवस्थित लोड केली आहे, पण बॅकअप सॉफ्टवेअर तिला आपली म्हणायला तयार नाही.

ओळखायची सोपी खूण: टेप घातल्यावर ड्राइव्हचा हिरवा रेडी दिवा स्थिर लागला, तर तक्रार बहुधा तिसरी. दिवा लुकलुकून नंतर पिवळा लागला किंवा टेप बाहेर आली, तर दुसरी. हिरवा स्थिर आहे, पण सर्व्हरच्या यादीत ड्राइव्ह नाही, तर पहिली.

कुणाला फोन लावण्याआधी दहा मिनिटांत काय तपासता येईल?

टेप लगेच बाहेर काढू नका. आधी दिव्यांचा आणि छोट्या डिस्प्लेचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण टेप बाहेर आली की काही ड्राइव्हवरचा कोड पुसला जातो. मग बॅकअप सॉफ्टवेअरची सर्व्हिस थांबवा. ती ड्राइव्ह धरून बसलेली असेल तर तपासणीचं टूल "डिव्हाइस बिझी" म्हणून परत येतं आणि लोक ड्राइव्हलाच दोष देतात.

आता दोन टेप घ्या: जी चालत नाही ती, आणि गेल्या आठवड्यात नक्की चाललेली एक. चाललेल्या टेपचं राइट-प्रोटेक्टचं बटण आधी कुलुपाच्या बाजूला सरकवा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. ती लोड झाली आणि दुसरी नाही झाली, तर दोष टेपचा. दोन्ही अडल्या, तर ड्राइव्ह संशयित. ठाण्याच्या आणि महाप्याच्या अशा दोन ऑफिसांत एकाच पिढीचे ड्राइव्ह असतील, तर अडलेली टेप दुसरीकडेही घालून पाहा. पण आधी तिची लीडर पिन तपासा (ती कशी, ते पुढच्या उत्तरात). पिन निसटलेली टेप दुसऱ्या ड्राइव्हलाही आजारी पाडते.

टेप आत जाते, कुरकुर आवाज येतो आणि परत बाहेर येते. का?

आत काय घडतं ते कळलं की आवाजावरून अंदाज बांधता येतो. टेप आत ओढली जाते आणि खाली बसते. ड्राइव्ह टेपच्या कोपऱ्यातली छोटी मेमरी चिप बिनतारी वाचतो. टेपची पिढी, आधीच्या लोडची माहिती आणि चुकांचा हिशेब तिच्यात असतो. मग टेपचं दार सरकतं, ड्राइव्हचा आकडा (हुक) फितीच्या टोकाची लीडर पिन पकडतो आणि फीत ओढून आतल्या रिळावर नेतो. शेवटी हेड (फीत वाचणारा-लिहिणारा भाग) फितीवरच्या सर्व्हो खुणा, म्हणजे हेडला जागा दाखवणाऱ्या खुणा, वाचतं आणि दिवा स्थिर होतो. सगळं ठीक असेल तर हे साधारण १५ ते ३० सेकंदांत उरकतं.

दोन-तीन सेकंदांतच टेप बाहेर आली, तर बहुतेक वेळा चिप वाचली गेली नाही किंवा पिढी जुळली नाही. ओढण्याचा प्रयत्न होऊन "टक-टक" आवाज येत असेल, तर लीडर पिन पाहा. फीत फिरल्याचा आवाज येतो, पुढे-मागे होते आणि मग पिवळा दिवा लागतो, तेव्हा संशय हेडवरच्या धुळीवर किंवा फितीवर.

पिन अशी पाहायची: टेप हातात घ्या, लेबल तुमच्याकडे. कडेचं छोटं दार अंगठ्याने हलकेच मागे सरकवा. आत एक बारीक धातूची पिन उभी दिसते, वर-खाली दोन्ही बाजूंना क्लिपमध्ये अडकलेली. ती सरळ आणि घट्ट हवी. एक टोक सुटून तिरकी झालेली, आत घसरलेली किंवा फितीला चुणी पडलेली दिसली, तर ती टेप कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. आकडा अर्धवट पकडतो आणि फीत आतच अडकते. फितीला बोट लावू नका.

हे का होतं? बहुतेक वेळा टेप टेबलावरून पडलेली असते. बाहेरून काही दिसत नाही, प्लॅस्टिकला ओरखडाही नसतो, पण क्लिपमधून पिन निसटलेली असते. म्हणून टेपची ने-आण तिच्या प्लॅस्टिकच्या डबीतूनच करावी, उभी ठेवून. ठाणे-तुर्भे प्रवासात बॅकपॅकमध्ये लॅपटॉपच्या चार्जरशेजारी सुटी टाकलेली टेप हे दुखण्याचं पहिलं कारण आहे. पिन परत बसवायचं किट मिळतं, पण ते फक्त एकदा डेटा काढून घेण्यासाठी. त्यानंतर ती टेप निवृत्त करायची.

टेप अगदी नवी आहे, तरी ड्राइव्ह नाकारतो.

पिढ्यांचा ताळमेळ पाहा. एलटीओ-७ पर्यंतचा नियम असा: ड्राइव्ह आपल्या पिढीच्या आणि एक पिढी मागच्या टेपवर लिहितो, दोन पिढ्या मागची फक्त वाचतो. एलटीओ-८ पासून हे मोडलं. एलटीओ-८ ड्राइव्ह ७ आणि ८ चालवतो, एलटीओ-६ वाचतही नाही. एलटीओ-९ ड्राइव्ह ८ आणि ९ चालवतो. एलटीओ-१० ड्राइव्हला फक्त एलटीओ-१० टेप चालते, मागची एकही नाही. नवा ड्राइव्ह घेताना जुन्या टेप वाचल्या जातील असं गृहीत धरणाऱ्यांची इथेच फसगत होते: गोदामात ठेवलेल्या एलटीओ-६ टेपना हात लावायला एलटीओ-६ किंवा ७ ड्राइव्ह कुठेतरी जिवंत ठेवावाच लागतो.

एक आडवळणाची गोष्ट म्हणजे "एम८". एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये कोरी एलटीओ-७ टेप ६ ऐवजी ९ टेराबाइटची करता येते. अशी टेप दिसायला एलटीओ-७ च असते, पण एलटीओ-७ ड्राइव्ह तिला घेत नाही आणि एलटीओ-९ ड्राइव्हही घेत नाही. लेबलवरचा शेवटचा भाग एम८ आहे का ते बघा.

वर्म टेप (एकदा लिहिलेलं पुसता न येणारी) दुरंगी असते, एकदाच लिहिता येते. ती भरलेली असेल तर "वापरण्याजोगा मीडिया नाही" असा निरोप येणं बरोबरच आहे.

नवी एलटीओ-९ टेप घातली, तासभर "लोडिंग" दाखवतंय. ड्राइव्ह खराब आहे का?

नाही. एलटीओ-९ टेप पहिल्यांदा लोड होताना ड्राइव्ह तिला त्या जागेच्या हवामानाला साजेशी बसवून घेतो. याला सरासरी ४० मिनिटं लागतात, दोन तासांपर्यंतही जातात. मध्येच इजेक्ट दाबू नका, वीजही बंद करू नका. एका टेपला हे एकदाच होतं, म्हणून नव्या टेपचा गठ्ठा आला की दिवसाउजेडी एकेक लोड करून ठेवा. रात्री ११ च्या जॉबला नवी कोरी टेप लावली, तर बॅकअप सॉफ्टवेअर वाट पाहून थकतं आणि सकाळी तोच जुना निरोप देतं.

शक्य असेल तर टेप जिथे वापरायची त्याच खोलीत हे काम करा. डबी उघडल्याबरोबर लगेच नको, टेप त्या हवेत एक दिवस राहू द्या.

क्लीनिंग टेप घातली की बरं होतं, मग आठवड्यातून एकदा घालू का?

नको. क्लीनिंग टेप हेड घासते; उगाच घातली तर झीजच होते. ड्राइव्ह स्वतः मागेल तेव्हाच घाला: डिस्प्लेवर क्लीनिंगचा "सी" आला, क्लीन दिवा पेटला किंवा टेपअलर्ट २० (टेपअलर्ट म्हणजे ड्राइव्हने पाठवलेला क्रमांकित इशारा) आला तर. त्याआधी फक्त एकाच प्रसंगी घालावी: ज्या टेप पूर्वी चालत होत्या त्या अचानक सगळ्याच अडल्या असतील तर.

युनिव्हर्सल क्लीनिंग टेप साधारण ५० वेळा वापरता येते. नेमका आकडा तिच्या डबीवर असतो. प्रत्येक वापराची नोंद डबीवर पेनाने एक रेघ मारून करा. संपलेली घातली तर ड्राइव्ह ती बाहेर टाकतो आणि टेपअलर्ट २२ देतो, लोक मात्र "ड्राइव्ह क्लीनिंग टेपसुद्धा ओळखत नाही" म्हणून घाबरतात. सलग दोन वेळा साफ करूनही तक्रार तीच राहिली, तर तिसऱ्यांदा घालून काही होणार नाही.

कॉम्प्रेस्ड एअरचा डबा ड्राइव्हच्या तोंडात मारू नका. बाहेरची धूळ थेट हेडवर जाऊन बसते.

जून ते सप्टेंबर तक्रारी का वाढतात?

खाडी, दमट हवा आणि बंद-चालू होणारे एसी. एलटीओ टेप वापरताना हवेतली आर्द्रता २० ते ८० टक्के असावी, तीही टेपवर किंवा ड्राइव्हवर दव न धरता. ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात बाहेरची हवा ही वरची मर्यादा सहज ओलांडते. सर्व्हर रूमचा एसी चालू असतो तोवर ठीक. प्रश्न येतो शनिवारी रात्री बिल वाचवायला एसी बंद केला जातो तेव्हा.

गणित साधं आहे. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो. म्हणजे २६ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर ती हवा लागली की पाणी धरतं. २० अंशांच्या खोलीतली टेप बाहेर नेऊन लगेच दुसऱ्या ऑफिसच्या ड्राइव्हमध्ये घातली, तर तिच्या प्लॅस्टिकवर आणि कदाचित फितीवरही बाष्प आलेलं असतं. अशी फीत हेडला चिकटते. पाण्याचा थेंब दिसला नाही म्हणजे टेप कोरडी आहे असं नाही.

काय करायचं: एका जागेहून दुसऱ्या जागी आणलेली टेप डबीतच, बंद, २४ तास नव्या खोलीत ठेवा, मग वापरा. तातडीचा रिस्टोर असेल आणि २४ तास नसतील, तर आधी निदान डबीचा बाहेरचा भाग खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि थंड डबी दमट हवेत उघडू नका. एसी रात्रंदिवस चालू ठेवणं जमत नसेल, तर रॅकमध्ये स्वस्तातला आर्द्रतामापक तरी ठेवा. जास्त काळ साठवायच्या टेपसाठी १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता धरतात. लोखंडी कपाट आणि तळघर ही जोडी पावसाळ्यात वाईट.

कारखान्याच्या आवारातली सर्व्हर रूम असेल, तर धुळीचाही विचार करा. ड्राइव्हचा पंखा समोरून हवा ओढतो आणि ती टेपच्या तोंडातूनच जाते. पॅकिंग विभागाला लागून रॅक असेल, तर जागा बदलणंच बरं.

दिव्यांचे आणि कोडचे अर्थ काय?

बनावटीनुसार बदलतात, पण काही नेहमीचे आहेत. आयबीएम ड्राइव्हवर एका अक्षराचा डिस्प्ले असतो: "सी" म्हणजे साफ करा, "पी" म्हणजे टेप राइट-प्रोटेक्ट आहे. "६" म्हणजे टेप किंवा ड्राइव्ह, दोन्हींपैकी काहीही. "७" म्हणजे टेपच दोषी असण्याची शक्यता मोठी. एचपीईच्या ड्राइव्हवर टेपची चूक, ड्राइव्हची चूक आणि क्लीन यांचे वेगळे पिवळे दिवे असतात. टेपचा लागला तर दुसरी टेप घालून पाहा, ड्राइव्हचा लागला तर टेप बदलत बसू नका.

टेपअलर्ट हे त्यापेक्षा नेमकं सांगतात, आणि ते बॅकअप सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये आकड्याने दिसतात. ९: राइट-प्रोटेक्ट. १२: टेपचा फॉरमॅट चालत नाही. १५: टेपमधली मेमरी चिप वाचली जात नाही. १८: टेपवरची सूची लोड होताना बिघडलेली आढळली. ३० आणि ३१: ड्राइव्हच्या यंत्रात बिघाड.

१५ आला तर तपासायची गंमत ही: एकाच टेपला येत असेल तर तिची चिप गेली, सगळ्यांना येत असेल तर ड्राइव्हमधला चिप वाचणारा भाग गेला, आणि तो ऑफिसात दुरुस्त होत नाही.

लिनक्सवर लॉगमध्ये सेन्स कोड (ड्राइव्हने सर्व्हरला कळवलेल्या चुकीचा कोड) दिसतो. ३ए/०० असेल तर आत टेप नाही. ०४/०१ म्हणजे लोड चालू आहे, थांबा. ३०/०० म्हणजे न चालणारी टेप. ५३/०० म्हणजे लोड किंवा इजेक्ट अडलं.

सर्व्हरला ड्राइव्हच दिसत नाही. कुठून सुरुवात करू?

ड्राइव्ह आधी चालू करा, त्याचा स्वतःचा तपास पूर्ण होऊ द्या, मग सर्व्हर रीबूट करा. आधी सर्व्हर आणि नंतर ड्राइव्ह चालू केला तर तो बऱ्याचदा यादीत येत नाही.

केबलचा मुद्दा बाहेरच्या ड्राइव्हवर जास्त येतो. सॅस केबल (ड्राइव्ह सर्व्हरच्या कार्डाला जोडणारी) दोन्ही टोकांना क्लिक होईपर्यंत बसवा. जुन्या ६ गिगाबिटच्या आणि नव्या १२ गिगाबिटच्या कार्डांचे कनेक्टर वेगळे असतात, म्हणून खरेदीच्या वेळी दोन्ही टोकांचे फोटो दुकानदाराला दाखवा; नुसतं "सॅस केबल" सांगून चालत नाही.

ड्राइव्ह रेड (RAID) कार्डाला, म्हणजे अनेक हार्ड डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला, जोडलेला असेल तर बहुतेक कार्डं टेपला दारातच अडवतात. टेपसाठी साधं एचबीए कार्ड (ड्राइव्हला सर्व्हरशी थेट जोडणारं) लागतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "अननोन" असं नाव दिसत असेल, तर ड्राइव्ह बनवणाऱ्याचा किंवा बॅकअप सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर टाका. आणि विंडोज सर्व्हर बॅकअप टेप घेईल अशी अपेक्षा ठेवू नका: २००८ पासून त्यात टेपला जागाच नाही.

लायब्ररीत टेप दिसते, पण सॉफ्टवेअर म्हणतं ड्राइव्ह रिकामा आहे.

हा ड्राइव्हच्या अदलाबदलीचा प्रकार. रोबो टेप "ड्राइव्ह १" मध्ये टाकतो आणि सॉफ्टवेअर ज्याला ड्राइव्ह १ समजतं तो प्रत्यक्षात दुसराच असतो. दुरुस्तीला ड्राइव्ह बदलून दिला की हमखास होतं. लायब्ररीच्या वेब पानावरचे सीरियल नंबर आणि सॉफ्टवेअरमधले सीरियल नंबर कागदावर शेजारी-शेजारी लिहा. जुळले नाहीत तर सॉफ्टवेअरमधली मांडणी पुन्हा करा.

बारकोडही पाहा. लेबल उलटं, तिरकं, घाणेरडं किंवा घरी साध्या प्रिंटरवर छापलेलं असेल तर वाचलं जात नाही. त्यावरचा शेवटचा भाग पिढीशी जुळला पाहिजे: एलटीओ-८ टेपवर एल८.

टेप लोड झाली, पण सॉफ्टवेअर म्हणतं ती "कोरी" किंवा "परकी" आहे.

ड्राइव्हचं काम झालं, आता वाद सॉफ्टवेअरशी. आधी इन्व्हेंटरी (आत कोणती टेप आहे ते ओळखणं) चालवा, मग कॅटलॉग किंवा इम्पोर्ट (टेपवरची यादी सॉफ्टवेअरमध्ये आणणं). ती दुसऱ्या सॉफ्टवेअरने लिहिलेली असेल, किंवा एलटीएफएस करून (टेप पेनड्राइव्हसारखी वापरायच्या पद्धतीने) फाइल्स टाकलेल्या असतील, तर नेहमीच्या बॅकअप सॉफ्टवेअरला ती परकीच दिसणार. घाईत "फॉरमॅट" किंवा "इरेज" वर बोट पडू देऊ नका. राइट-प्रोटेक्ट बटण लावून मगच प्रयोग करा.

जुन्या सर्व्हरवर लिहिलेल्या टेपचं लेबल नव्या सर्व्हरवर वाचलं जात नसेल, तर ब्लॉकचा (टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा) आकार तपासा. टेपवर १ मेगाबाइटचे ब्लॉक असतील आणि नवं कार्ड किंवा ड्रायव्हर त्याहून लहानच घेत असेल, तर टेप चांगली असूनही वाचली जात नाही. एनक्रिप्ट केलेली टेपही की मिळाल्याशिवाय उघडत नाही. ती लोड होते, पण वाचताना चूक येते.

वीज गेली तेव्हा टेप लिहिली जात होती. आता लोड व्हायला खूप वेळ लागतो.

थांबा. मध्येच वीज गेल्याने टेपच्या शेवटाची खूण लिहिली गेली नाही आणि चिपमधली माहितीही जुनी राहिली. ड्राइव्ह फीत पुढे-मागे करून स्वतः शोध घेतो आणि टेपअलर्ट १८ देतो. दहा-पंधरा मिनिटं द्या. बाहेर आली की त्या रात्रीचा बॅकअप अर्धवट समजा. यूपीएस ड्राइव्हलाही लागतो, नुसता सर्व्हरला नाही. बाहेरच्या ड्राइव्हची वायर नेमकी साध्या बोर्डाला लावलेली सापडते.

टेप आत अडकली आहे, बटण दाबून येत नाही.

ओढू नका, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. बॅकअपची सर्व्हिस बंद करा आणि पुन्हा इजेक्ट दाबा; कधी-कधी सॉफ्टवेअरनेच टेप रोखलेली असते. मग पॉवर बंद करून पुन्हा चालू करा आणि फीत मागे गुंडाळायला दहा मिनिटं द्या. बटण साधारण दहा सेकंद दाबून धरल्यावर काही ड्राइव्ह जबरदस्तीने इजेक्ट करतात, काही मात्र फक्त रीसेट होतात, म्हणून तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल पाहूनच करा. त्यानंतरही आत असेल आणि त्यात एकमेव बॅकअप असेल, तर ड्राइव्ह टेपसकट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या. एएमसीवाल्याकडे दिला तर तो ड्राइव्ह बदलून देईल, आत अडकलेल्या टेपची जबाबदारी घेईलच असं नाही.

लॅमिंग्टन रोडवरून जुन्या टेप स्वस्तात मिळतात. घ्याव्या का?

रिस्टोरच्या सरावासाठी चालतील, रोजच्या बॅकअपसाठी नको. एक धोका तर कायमचा आहे: कुणी त्या टेप जोरदार चुंबकाने पुसल्या असतील, तर कारखान्यात लिहिलेल्या सर्व्हो खुणाही पुसल्या गेल्या. त्या कुठल्याही ड्राइव्हमधून परत लिहिता येत नाहीत, टेप कायमची निकामी होते. म्हणूनच आपल्याही जुन्या टेप पुन्हा वापरायच्या असतील तर चुंबकाने कधीच पुसू नका.

इंजिनिअरला बोलावताना काय तयार ठेवावं?

ड्राइव्हचा मॉडेल आणि सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती, डिस्प्लेचा फोटो, टेपअलर्टचे आकडे, दोन टेपच्या अदलाबदलीचा निकाल, आणि शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा हे. बनवणाऱ्याचं निदानाचं टूल चालवून त्याची फाइलही काढून ठेवा. आयबीएम आणि एचपीई या दोघांचीही अशी टूल्स मोफत मिळतात. या गोष्टी समोर असल्या की इंजिनिअर पहिल्या फेरीतच ठरवतो की ड्राइव्ह बदलायचा, टेप फेकायची, की फक्त केबल घट्ट करायची. नाहीतर बेलापूरहून घोडबंदरला आलेला माणूस क्लीनिंग टेप घालून परत जातो आणि बिल तेवढंच येतं.